मोठ्या आतड्यापर्यंत काय पोचतं?

रावेर-यावल पट्ट्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर केळ्याविषयीचे दोन निरोप आलटून पालटून फिरत असतात. एक सांगतो की सालीवर काळे ठिपके पडलेल्या केळ्यात ‘टीएनएफ’ नावाचा कॅन्सर मारणारा घटक असतो, म्हणून केळं जितकं पिकलेलं तितकं औषधी. दुसरा सांगतो की रोज एक हिरवट केळं खाल्लं की कॅन्सरचा धोका 60 टक्क्यांनी कमी होतो. ज्या जळगाव जिल्ह्याच्या केळ्याला भौगोलिक मानांकन आहे, तिथे दोन्ही निरोप अभिमानाने पुढे ढकलले जातात, आणि ते एकमेकांविरुद्ध आहेत हे कुणाच्या लक्षात येत नाही.

पहिला निरोप सरळ चूक आहे. टीएनएफ हे प्रथिन आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी बनवतात. केळीच्या झाडात ते तयार होत नाही, आणि झालं असतं तरी जठरात त्याचे इतर प्रथिनांसारखेच तुकडे पडले असते. ज्या जपानी प्रयोगाचं नाव घेतलं जातं, त्यात केळ्याचा अर्क उंदरांना टोचला होता. माणसाने केळं खाण्याशी त्याचा संबंध नाही.

दुसऱ्या निरोपामागे मात्र खरं संशोधन आहे. ‘लिंच सिंड्रोम’ असलेल्या लोकांमध्ये डीएनएची दुरुस्ती करणारी यंत्रणा जन्मतःच अधू असते, त्यामुळे त्यांना आतड्याच्या आणि इतर काही अवयवांच्या कॅन्सरचा धोका फार मोठा असतो. अशा नऊशेहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीत काहींना रोज 30 ग्रॅम ‘न पचणारा स्टार्च’ सरासरी दोन वर्षं दिला गेला. पुढे अनेक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं आणि 2022 मध्ये निष्कर्ष आले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये फरक दिसला नाही. अन्ननलिका, जठर, स्वादुपिंड अशा पचनसंस्थेच्या वरच्या भागातले कॅन्सर मात्र 60 टक्क्यांहून अधिक कमी आढळले. दिलेली होती स्टार्चची पूड. केळं आलं ते लोकांना मात्रा समजावी म्हणून दिलेल्या उदाहरणात. एका आनुवंशिक दोषाच्या रुग्णांवरचा निष्कर्ष बाजारातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला लागू करता येत नाही.

तरीही या निरोपाने एक चांगलं काम केलं आहे. ‘जे पचत नाही ते उपयोगाचं’ ही विचित्र वाटणारी गोष्ट त्यामुळे खानदेशातल्या घराघरात पोचली. आहार आणि आजार यांचा संबंध समजून घ्यायचा असेल तर सुरुवात इथूनच करायला हवी.

आधी मोठं चित्र पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून झालेला एक आढावा 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात 185 दीर्घकालीन पाहण्या आणि 58 चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. ज्यांच्या जेवणात तंतुमय पदार्थ, म्हणजे अन्नातला न पचणारा भाग, सर्वांत जास्त, त्यांच्यात हृदयविकार, पक्षाघात, टाइप-2 मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर हे सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा 15 ते 30 टक्क्यांनी कमी होते. सर्वांत स्पष्ट फायदा दिवसाला 25 ते 29 ग्रॅमच्या आसपास दिसला. तंतुमय पदार्थ प्राण्यांच्या मांसात, अंड्यात, दुधात जवळजवळ नसतातच. ते फक्त वनस्पतींत असतात. वनस्पतिप्रधान आहार चांगला असण्याची इतरही कारणं आहेत, पोटॅशियम जास्त, संपृक्त चरबी कमी वगैरे, पण मला सर्वांत सुंदर वाटतं ते हेच, आणि ते घडतं मोठ्या आतड्यात.

शाळेत शिकलेलं आठवा. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांब साखळी. लाळेतली आणि स्वादुपिंडातली विकरं (एन्झाइम) ती तोडतात, लहान आतडं ग्लुकोज शोषून घेतं. पण सगळाच स्टार्च असा तुटत नाही. केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या हान्स एंग्लिस्ट यांनी 1982 मध्ये हे नेमकेपणाने मांडलं आणि त्याला ‘प्रतिरोधक स्टार्च’ असं नाव दिलं. हिरव्या केळ्यात या साखळ्या सूक्ष्म कणांमध्ये इतक्या घट्ट बसलेल्या असतात, जशी जिनिंग-प्रेसिंगमध्ये दाबलेली कापसाची गाठ. विकराला आत शिरायला जागाच मिळत नाही. गर वाळवून मोजला तर हिरव्या केळ्याचा 70 ते 80 टक्के भाग स्टार्चच असतो. रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू मिळाला की केळ्याची स्वतःची विकरं जागी होतात, कण आतून पोखरले जातात आणि पूर्ण पिकेपर्यंत स्टार्च जेमतेम उरतो. बाकीची साखर झालेली असते. कच्ची केळी शिजवली तरी कण फुगून फुटतात, म्हणून केळ्याच्या भाजीत प्रतिरोधक स्टार्च कच्च्या केळ्याइतका राहत नाही.

गंमत अशी की शिजून मोकळ्या झालेल्या साखळ्या गार होताना पुन्हा एकमेकींना चिकटून स्फटिकासारख्या रचल्या जातात. त्यातला काही भाग परत न पचणारा होतो, आणि नंतर गरम केलं तरी तो पूर्ण मोडत नाही. रात्रीची भाकरी सकाळी खाणाऱ्यांच्या पोटात ताज्या भाकरीपेक्षा थोडा जास्त प्रतिरोधक स्टार्च जातो. (भाताचंही तसंच होतं, पण शिजवलेला भात रात्रभर बाहेर ठेवणं धोक्याचं, त्यात विष तयार करणारे जिवाणू वाढतात. तो लगेच फ्रिजमध्येच ठेवावा.)

आता हा न पचलेला स्टार्च आणि ज्वारी, डाळी, भाज्यांमधले तंतू मोठ्या आतड्यात उतरतात. अन्नातली कर्बोदकं तोडणारी विकरं माणसाकडे मोजकीच, दोन हातांच्या बोटांपेक्षा थोडी जास्त. आतड्यातल्या एकाच जातीच्या जिवाणूकडे, बॅक्टेरॉइडिस थीटायोटाओमायक्रॉनकडे, अशी अडीचशेहून अधिक असतात. प्रतिरोधक स्टार्चचं कुलूप मुख्यतः रुमिनोकॉकस ब्रोमाय हा जिवाणू उघडतो. त्याने पाडलेले तुकडे दुसऱ्या जाती खातात आणि शेवटी तीन छोटी आम्लं तयार होतात: अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. काही लोकांच्या पोटात रुमिनोकॉकस ब्रोमाय जवळजवळ नसतोच. त्यांनी तोच स्टार्च खाल्ला तरी बराचसा तसाच बाहेर पडतो.

ब्युटिरेट हा या गोष्टीचा नायक. शरीरातल्या बहुतेक पेशी रक्तातून आलेल्या ग्लुकोजवर किंवा चरबीवर जगतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मात्र त्यांना लागणाऱ्या ऊर्जेचा साठ-सत्तर टक्के भाग ब्युटिरेट जाळून मिळवतात, म्हणजे त्यांचं जेवण जिवाणू रांधतात. एकही जिवाणू नसलेले उंदीर प्रयोगशाळेत वाढवले, तेव्हा त्यांच्या अस्तराच्या पेशी उपाशी राहून स्वतःचेच भाग पचवू लागल्या. ब्युटिरेट दिल्यावर हे थांबलं. 2011 चा हा प्रयोग.

पुढचा भाग थोडा किचकट आहे, पण सोडू नका. ब्युटिरेट जाळायला ऑक्सिजन लागतो. अस्तराच्या पेशी तो रक्तातून घेतात आणि जवळजवळ संपवून टाकतात, त्यामुळे आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन पाझरत नाही. ब्युटिरेट बनवणारे जिवाणू ऑक्सिजनमध्ये जगू शकत नाहीत. म्हणजे पेशी ब्युटिरेट जाळतात म्हणून जिवाणू जगतात, आणि जिवाणू जगतात म्हणून पेशींना ब्युटिरेट मिळतं. हे चक्र कुठेही तुटलं, जेवणात तंतू कमी पडले किंवा प्रतिजैविकांनी ते जिवाणू मारले, की पेशी ग्लुकोजवर वळतात, ऑक्सिजन शिल्लक राहतो, आत पाझरतो, आणि ऑक्सिजन वापरू शकणारे ई. कोलाय, साल्मोनेला यांच्या वर्गातले जिवाणू फोफावतात. दाह सुरू होतो. 2017 मध्ये उंदरांवर हे तपशिलाने दाखवलं गेलं.

ब्युटिरेटचं दुसरं काम पेशीच्या केंद्रकात चालतं. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावरच्या खुणा पुसणारं एक विकर ब्युटिरेट अडवतं. त्यामुळे काही जनुकं उघडी राहतात आणि पेशीची वाढ थांबते किंवा ती मरते. मग निरोगी पेशी का मरत नाहीत? कारण निरोगी पेशी ब्युटिरेट जाळून टाकते, ते केंद्रकापर्यंत फारसं पोचत नाही. कॅन्सरची पेशी ग्लुकोजवर जगते, ब्युटिरेट जाळत नाही, ते साठत जातं आणि तिलाच भोवतं. जो पदार्थ निरोगी पेशीला अन्न तोच बिघडलेल्या पेशीला मारक, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी जागचा हललो नव्हतो.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगायलाच हवी. हे बरंचसं उंदरांवर आणि प्रयोगशाळेतल्या पेशींवर पाहिलेलं आहे, आणि वरच्या लिंच सिंड्रोमच्या चाचणीत स्टार्चच्या पुडीने मोठ्या आतड्याचा कॅन्सर टळला नाही. एकच पूड आणि आयुष्यभराचं जेवण यांत फार अंतर आहे.

पण जेवण बदललं की माणसाच्या आतड्यात काय होतं, हेही तपासलं गेलं आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 20 आफ्रिकी-अमेरिकी आणि ग्रामीण दक्षिण आफ्रिकेतल्या 20 लोकांनी दोन आठवडे एकमेकांचं जेवण खाल्लं. अमेरिकींचे तंतू रोजच्या 14 ग्रॅमवरून 55 वर गेले, आफ्रिकींचे 66 वरून 12 वर आले. दोन आठवड्यांत अमेरिकींचं ब्युटिरेट अडीचपट झालं, आफ्रिकींचं निम्मं. अस्तरातला दाह आणि पेशींच्या विभाजनाचा वेगही त्याच दिशांनी बदलला.

आता खानदेशातलं ताट बघू. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात, सालासकट उडदात सुमारे 20. कळण्याच्या भाकरीत दोन्ही एकत्र येतात. तिच्याबरोबर बामणोदच्या वांग्याचं भरीत, कांद्याची पात, ठेचा, किंवा कधी तुरीच्या डाळीचे फुणके आणि कढी. राष्ट्रीय पोषण संस्था 2000 कॅलरींच्या आहारात 30 ग्रॅम तंतू सुचवते. या ताटाने ते सहज भरतात. मैद्यात आणि पॉलिश केलेल्या तांदळात 100 ग्रॅमला 3 ग्रॅमसुद्धा मिळत नाहीत.

म्हणून ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढ्यावर निश्चिंत राहू नये. सकाळी चहा-खारी, दुपारी पांढरा भात, संध्याकाळी वेफर, रात्री पावाबरोबर तेलाने तवंगलेली शेवभाजी हे जेवण शंभर टक्के शाकाहारी आहे आणि मोठ्या आतड्याला त्यातून फार थोडं मिळतं. देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचं 2023 च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं, त्यांत शाकाहारी लोकही भरपूर आहेत. उलट आठवड्यातून एकदा काळ्या मसाल्याचं मटण खाणाऱ्या पण रोज भाकरी, उसळ, पालेभाजी जेवणाऱ्या माणसाचं ताट मला जास्त बरं वाटतं.

आणि आतड्याच्या नावावर जे विकलं जातं त्यापासून लांब राहा. ‘आतडी धुऊन काढणारी’ डिटॉक्स चूर्णं म्हणजे बहुधा जुलाबाची औषधं. आतड्यात वर्षानुवर्षं साचलेला मळ वगैरे काही नसतो. तुपात ब्युटिरिक आम्ल असतं म्हणून चमचाभर तूप पिऊन आतडं सुधारतं, हाही असाच दावा. तुपातलं ते आम्ल वरच्या भागातच शोषलं जातं, मोठ्या आतड्यापर्यंत जात नाही. तूप चवीसाठी खावं, बट्टीवर तर खावंच.

हा सल्ला सर्वांसाठी सारखा नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या कुपोषित मुलाला जास्त चोथा देऊ नये. त्याचं पोट लहान, ते लवकर भरतं आणि उष्मांक कमी पडतात. त्याला अंडं, दूध, शेंगदाणे हवेत. पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांनी बी-12 ची गोळी घ्यावीच, हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं आणि ते कमी पडल्यावर मज्जातंतूंना होणारी इजा कधी कधी भरून येत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी केळी आणि डाळी किती खायच्या हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

ज्यांच्या जेवणात आज तंतू कमी आहेत, त्यांनी एकदम कळणा, उसळी आणि सॅलड सुरू केलं तर पोट फुगेल, कारण जिवाणू स्टार्च फोडताना हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि नव्या अन्नाला सरावायला त्यांना वेळ लागतो. आधी रात्रीच्या भाताऐवजी एक भाकरी. आठवड्याने सालाची डाळ. मग वाटीभर मोड आलेली मटकी. पाणी मात्र पहिल्या दिवसापासून जास्त प्यावं, नाहीतर याच चोथ्याने बद्धकोष्ठ होईल.