प्रागचा जुना नगरचौक

चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग येथील ऐतिहासिक सार्वजनिक चौक (चेक नाव : स्तारोम्येस्त्स्के नाम्येस्ती). व्ल्तावा नदीच्या उजव्या तीरावरच्या जुन्या शहराचा हा गाभा. मध्ययुगात ही बाजारपेठ होती. १३३८ पासून येथे नगरभवन आहे. १९९२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या प्रागच्या ऐतिहासिक भागात हा चौक येतो.

बहुतेक लोक येतात ते नगरभवनाच्या दक्षिण भिंतीवरील ‘ओर्लोय’ या खगोलीय घड्याळासाठी. सकाळी ९ ते रात्री ११ दर तासाला घड्याळावरील सांगाड्याची मूर्ती घंटेची दोरी ओढते, वरच्या दोन खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांच्या (शिष्यांच्या) मूर्ती सरकत जातात, कोंबडा आरवतो आणि टोल पडतात. हा खेळ जेमतेम मिनिटभर चालतो. त्यासाठी झालेल्या दाटीत सगळ्यांच्या माना वर असतात आणि पाकीटमारांना तेच हवे असते. घड्याळाची खरी श्रीमंती मात्र तबकडीत आहे आणि ती केव्हाही वाचता येते. टोल पडल्यावर गर्दी पांगली की निवांत समोर उभे राहावे.

हे घड्याळ १४१० चे. कादान गावच्या मिकुलाश या घड्याळजीने ते घडवले. त्यामागचे गणित यान शिंदेल या ज्योतिर्विदाचे मानले जाते. असे घड्याळ दुसरीकडे होऊ नये म्हणून हानुश नावाच्या कारागिराचे डोळे काढले, ही गोष्ट आजही सांगितली जाते. ती निव्वळ दंतकथा आहे.

वरच्या तबकडीच्या मध्यभागी पृथ्वी आहे. निळा भाग म्हणजे क्षितिजावरचे आकाश, तांबूस पट्टा संधिप्रकाश आणि खालचे काळे वर्तुळ रात्र. सोनेरी पंजा असलेला काटा रोमन अंकांवर आजची वेळ दाखवतो. वरचा बारा मध्यान्हाचा, खालचा मध्यरात्रीचा. तबकडी मध्य युरोपीय प्रमाणवेळेवर चालते, त्यामुळे उन्हाळी वेळ (तेव्हा घड्याळे तासभर पुढे करतात) लागू असताना ती तासभर मागे वाटते. घड्याळ बिघडले असा समज येथेच होतो. हाच पंजा बाहेरच्या काळ्या कड्यावरील गॉथिक अंकांवर जुनी चेक वेळ दाखवतो. तिचा दिवस सूर्यास्ताला संपतो आणि तेथेच नवा सुरू होतो. पंजा १८ वर असेल, तर सूर्य मावळायला सहा तास उरले. सूर्यास्त रोज पुढेमागे होतो, म्हणून हे कडे वर्षभर थोडे थोडे सरकत असते. निळ्या भागातील वक्र रेषा दिवसउजेडाचे बारा समान भाग करतात. त्यामुळे त्या मोजणीत उन्हाळ्याचा तास लांब आणि हिवाळ्याचा आखूड. चंद्राचा गोळा अर्धा काळा, अर्धा चंदेरी असून फिरत फिरत कला दाखवतो. तबकडीवरील राशिचिन्हांचे कडे, सूर्य आणि चंद्र यांची सांगड एकदा लागली की यातले बाकीचे आपोआप उलगडते.

खालची तबकडी घड्याळ नसून दिनदर्शिका आहे. ती रोज एक घर पुढे सरकते. तिच्यावरील बारा महिन्यांची चित्रे योसेफ मानेस या चित्रकाराची. भिंतीवर दिसते ती प्रतिकृती. मूळ तबकडी प्रागच्या शहर संग्रहालयात आहे.

मे १९४५ मधील लढाईत नगरभवनाला आग लागली, घड्याळ होरपळले आणि १९४८ मध्ये पुन्हा सुरू झाले. जळालेली उत्तरेकडील इमारत पुन्हा बांधली गेली नाही. चौकाच्या पश्चिमेची मोकळी हिरवळ ही तिची जागा. नगरभवनाच्या मनोऱ्यावर जायला तिकीट लागते. लिफ्ट आहे, पण वरचा सज्जा अरुंद आहे.

मनोऱ्याच्या पूर्व पायथ्याशी फरसबंदीत २७ पांढरे क्रूस आहेत. ८ नोव्हेंबर १६२० च्या, प्रागजवळील श्वेतगिरी टेकडीवरच्या लढाईत हाब्सबुर्ग बादशहाविरुद्धचा उठाव मोडल्यावर २१ जून १६२१ रोजी येथे २७ पुढाऱ्यांना देहदंड दिला गेला : तीन उमराव, सात सरदार, सतरा नागरिक. बारा जणांची शिरे व्ल्तावावरील कार्ल पुलाच्या मनोऱ्यावर टांगली गेली आणि ती दहा वर्षे तेथेच राहिली. घड्याळ पाहणाऱ्यांच्या नकळत हे क्रूस पायांखाली जातात. ते आधी शोधावेत.

चौकातील काळसर कांस्यशिल्प यान हुस या धर्मसुधारकाचे. १४१५ मध्ये त्याला जाळले, त्याच्या पाचशेव्या वर्षी, १९१५ मध्ये ते उभे राहिले. शेजारचा मारियास्तंभ (येशूची आई मारिया हिच्या नावाचा) १६५० चा. जमावाने तो नोव्हेंबर १९१८ मध्ये पाडला आणि २०२० मध्ये त्याची प्रतिकृती उभी राहिली. जवळच जमिनीत प्रागच्या मध्यान्हरेषेची धातूची पट्टी आहे. स्तंभाची सावली या रेषेवर आली की शहराची दुपार होई. सावली पाहायची तर हिवाळ्यात बाराच्या आणि उन्हाळी वेळेत दुपारी एकच्या सुमारास जावे. ऋतूप्रमाणे पाव तासापर्यंत फरक पडतो.

पूर्वेचे ‘तिन’ नावाचे चर्च दोन शिखरांमुळे लांबून दिसते, पण जवळ गेल्यावर दार सापडत नाही, कारण पुढे घरे आहेत. वाट त्यांच्या कमानीखालून आत जाते. आत १६०१ मध्ये वारलेल्या ट्युको ब्राहे या खगोलज्ञाची कबर आहे. चर्चचे तोंड पश्चिमेला असल्याने छायाचित्रासाठी दुपार उतरणीला लागल्यावरचा उजेड चांगला.

सर्वात जवळचे मेट्रो स्थानक ए मार्गावरील स्तारोम्येस्त्स्का; तेथून चालत पाच-सात मिनिटे. दगडी फरसबंदीवर चाकांची बॅग अडखळते, पातळ तळव्याचे बूटही नकोत. नाताळ आणि ईस्टरच्या बाजारांत चौकाचा मोठा भाग दुकानांनी व्यापतो. इमारती पाहायच्या तर ते दिवस टाळावेत. भाजलेले हॅम (डुकराचे मांस) बहुधा १०० ग्रॅमच्या दराने विकले जाते. कापण्याआधी वजन ठरवावे, नाहीतर ताट भरते आणि बिल फुगते. चलन चेक कोरुना. रस्त्यात पैसे बदलून देणाऱ्याकडून हाती कवडीमोलाच्या परदेशी नोटा पडण्याचे प्रकार घडतात. अधिकृत केंद्रातही पैसे देण्याआधी हातात नेमके किती कोरुना पडणार ते विचारावे. २०१९ पासूनच्या कायद्याने, १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करून घेता येतो. त्यासाठी पावती जपून ठेवावी.