फी थकली म्हणून वकील फाइल अडवू शकतो का?

‘फी बाकी असेल तर वकील कागद ठेवून घेऊ शकतो,’ असं कोर्टाच्या आवारात इतक्या ठामपणे सांगतात, की पक्षकार स्वतःच्याच खरेदीखतासाठी हेलपाटे घालत राहतात. हे साफ चुकीचं आहे. आर. डी. सक्सेना प्रकरणात वकिलाने ९७,१०० रुपये येणं असल्याचं सांगून बँकेच्या फायली रोखल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली निकाल दिला, की वकिलाला असा हक्क नाही. मागूनही फाइल न देणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. कागदच नसतील तर नवा वकील उलटतपासणी कशाच्या आधारावर घेणार? तारखा पडतात, आणि त्यात भरडला जातो तो पक्षकार. थकलेल्या फीसाठी वकिलाला दावा लावता येतो. कागद लेखी मागा, पोच घ्या. तरीही अडवले तर राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करा.