थेंबातली प्रयोगशाळा कुठून आली?

सांगलीकडे हळदीला तोटा नाही. हरिपूरच्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या ती साठवली गेली. चुना किंवा टाकणखार लागला की हळद लाल होते, हे कुंकू करणाऱ्यांना कुठलंही पुस्तक न वाचता ठाऊक होतं. तरी मी शिकलो त्या शाळेत आम्ल-आम्लारी ओळखायला लिटमसच लागायचा. लिटमस संपला की प्रयोग बंद. काचसामान कपाटात, कपाटाला कुलूप आणि परीक्षानळी फुटली तर भरून द्यावी लागेल ही धास्ती. वर्षभरात सरांनी टेबलावर केलेले चार-पाच प्रयोग आम्ही मागच्या बाकावरून माना उंचावून पाहिले, एवढंच आमचं प्रात्यक्षिक.

आज औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातल्या खळग्यांत थेंबाथेंबाने प्रयोग करू म्हटलं, की काही शिक्षक नाक मुरडतात. ही गरीब शाळांसाठी काढलेली पळवाट, असं त्यांना वाटतं. मला हे मनापासून खटकतं, कारण अगदी थोड्या पदार्थात प्रयोग करण्याची ही रीत अव्वल प्रयोगशाळांतच घडली आहे.

१९१०च्या सुमारास ऑस्ट्रियातले फ्रिट्झ प्रेग्ल पित्तातल्या आम्लांवर काम करत होते. बऱ्याच खटाटोपानंतर हाती आलेला पदार्थ इतका थोडा होता, की त्यातलं कार्बन-हायड्रोजनचं प्रमाण रूढ पद्धतीने काढायला तो पुरलाच नसता. मग ढिगाने कच्चा माल आणून पुन्हा सगळं करायचं, की पद्धतच लहान करायची? प्रेग्लनी दुसरा मार्ग धरला. मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत वजन दाखवणारा तराजू त्यांनी वापरात आणला आणि अवघ्या काही मिलिग्रॅम पदार्थावर विश्लेषण करून दाखवलं. १९२३ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

खळग्यांच्या पाटाचा जन्मही टंचाईतलाच. १९५१च्या आसपास हंगेरीत इन्फ्लुएंझाच्या चाचण्यांचा रेटा होता आणि साहित्य अपुरं. तेव्हा ड्युला टाकाची या डॉक्टरांनी प्लास्टिकच्या पाटात ओळीने खळगे कोरले आणि परीक्षानळ्यांचं काम त्यांत उरकलं. आजच्या रोगनिदान प्रयोगशाळांतला ९६ खळग्यांचा पाट त्याचाच वंशज.

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या बोडन कॉलेजमध्ये अडचण वेगळीच होती. सेंद्रिय रसायनांच्या वाफांनी प्रयोगशाळेची हवा बिघडली होती आणि वायुवीजन नव्याने बसवण्याचा खर्च अवाढव्य होता. मेयो, पाइक आणि बुचर या प्राध्यापकांनी खिडक्या-पंख्यांऐवजी प्रयोगाचंच माप बदललं. काही ग्रॅमच्या जागी शे-दीडशे मिलिग्रॅम! किपच्या उपकरणातून निघालेल्या हायड्रोजन सल्फाइडचा तो सडक्या अंड्यांसारखा वास ज्यांनी तासभर सोसला आहे, त्यांना या निर्णयाची किंमत वेगळी सांगायला नको.

भारतात हा विचार दोन वाटांनी आला. १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १६ शाळांत सुरू झाला आणि खेड्यातल्या मुलांच्या हाती साध्या वस्तूंतून प्रयोग आले. दुसरी वाट उपकरणांची. दिल्ली विद्यापीठातले प्रा. के. व्ही. साने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीएच मीटर (द्रावण किती आम्ल किंवा आम्लारी ते मोजणारं), वाहकतामापक आणि वर्णमापक इथेच मिळणाऱ्या सुट्या भागांतून बनवले. पीएच मीटर महाग का, तर द्रावणात बुडवायच्या काचेच्या इलेक्ट्रोडचा विजेला होणारा रोध प्रचंड असतो. एका पीएच अंकाला जेमतेम ५९ मिलिव्होल्ट मिळतात आणि साधा मीटर जोडला की तेही ढासळतात. त्यासाठी खास प्रवर्धक लागतो. त्याची चिप पुढे स्वस्त झाली आणि हे उपकरण विद्यार्थ्यालासुद्धा जोडता येऊ लागलं.

सातारा या बाबतीत मागे राहावा, हे मला पटत नाही. १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ म्हटलं. ‘कमवा आणि शिका’तून फीचा प्रश्न अंगमेहनतीने सोडवणारी मुलं इथे घडली. प्रयोगशाळेच्या खर्चाला तोच स्वावलंबनाचा न्याय लावायला काय हरकत आहे?

मात्र अडचण आहे तिथे ती मान्य करायला हवी. अनुमापनात, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण सोडून दुसऱ्याचं प्रमाण काढताना, ५० मिलीच्या ब्युरेटने (तोटीच्या मापननळीने) १० मिली द्रावण लागलं, तर एका थेंबाची, म्हणजे सुमारे ०.०५ मिलीची चूक अर्धा टक्का होते. २ मिलीच्या पिपेटला सिरिंज जोडून तेच काम १ मिलीत केलं, की तीच चूक ५ टक्के! टोक बारीक करून थेंब लहान करावा लागतो, हात स्थिर लागतो. मुलांना मी हे गणित आधी फळ्यावर मांडायला लावतो आणि मगच सिरिंज हातात देतो.

सगळ्यात जास्त गर्दी मात्र हळदीच्या कागदाभोवती होते. कॅरमची जी पावडर बोरिक आम्लाची असते, तिची चिमूट सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून एक थेंब त्या कागदावर टाकायचा आणि वाळू द्यायचा. पिवळा कागद तांबूस होतो. कुंकवासारखाच, म्हणजे आम्लारीच असणार, असं मुलं म्हणतात. मग त्यावर सोडियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब सोडायचा. तांबूस डाग हिरवट-काळा पडतो आणि वर्ग पुन्हा विचारात पडतो.