आस्वादन, खाद्यपेयांचे

अनेक खाद्यपदार्थ वा पेये एकाच बैठकीत, अल्प प्रमाणात व ठरावीक क्रमाने चाखून त्यांची तुलना करण्याची पद्धती. मद्य, चीज, चॉकलेट, कॉफी, चहा, मध आणि ऑलिव्ह तेल यांची आस्वादने विशेष प्रचारात आहेत. परीक्षकमंडळाने बंद खोलीत केलेले व्यावसायिक आस्वादन आणि खवय्यांसाठी भरवलेला खुला मेळा अशी तिची दोन रूपे आढळतात. दुसऱ्याने पहिल्याचे पेले आणि परिभाषा उचलली. शिस्त मात्र अर्धीच.

उगम : याविषयी मतभेद आहेत. काही लेखक ही परंपरा राजाच्या अन्नाची विषपरीक्षा करणाऱ्या सेवकापर्यंत नेऊन भिडवतात. रोमन सम्राटांच्या पदरी असे सेवक असत, सम्राट क्लॉडियस (मृत्यू इ. स. ५४) याचा सेवक हॅलोटस याच्यावर तर धन्याला विष दिल्याचा संशय घेतला गेला. परंतु अशा सेवकाला दोन पदार्थांची तुलना करायची नसे. धनी जगेल की नाही एवढेच पाहायचे असे. दुसरे मत व्यापाराकडे बोट दाखवते. इंग्लंडमध्ये पाव आणि एल (एक प्रकारची बिअर) यांच्या दर-दर्जासंबंधी तेराव्या शतकात कायदा होता आणि एल चाखून पाहणारे स्थानिक अधिकारी नेमले जात. फ्रान्समध्ये मद्यविक्रेता आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये चाखण्यात वाकबगार असे दलाल उभे असत. बर्गंडीतील चांदीची उथळ वाटी हे या धंद्याचे हत्यार. तिच्या आतील खोलगट ठशांवरून मेणबत्तीचा उजेड परावर्तित होई आणि अंधाऱ्या तळघरातही मद्याचा रंग व स्वच्छता पारखता येई. तिसऱ्या मतानुसार आधुनिक आस्वादनाचा प्रारंभ पॅरिसमध्ये ग्रिमो द ला रेनिएर या खाद्यविषयक लेखकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेमलेल्या चवपरीक्षक मंडळापासून होतो. उत्पादक आणि दुकानदार आपले जिन्नस मंडळाकडे धाडत आणि निर्णय छापला जाई. या निर्णयांच्या निःपक्षपातीपणाविषयी त्या काळीच कुजबुज होती. नमुने मांडणे, तुलना करणे आणि निर्णय देणे या तिन्ही गोष्टी दलालांच्या व्यवहारात आधीपासून एकत्र दिसत असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र दलालांचा निर्णय नेहमी जिभेवरच अवलंबून असे असे नाही. बॉर्दो येथील मद्यांचे १८५५ चे प्रसिद्ध वर्गीकरण त्यांनी मुख्यतः बाजारभावाच्या आधारे केले होते.

शरीरक्रिया : ज्याला सर्रास ‘चव’ म्हटले जाते त्यात जिभेचा वाटा मर्यादित असतो. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांसाच्या रश्शासारखी रुची, १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी वेगळी ओळखलेली) एवढ्याच मूलभूत रुची सामान्यतः मानल्या जातात. उरलेला बहुतेक स्वाद घास चावताना वा घोट गिळताना घशामागून नाकात चढणाऱ्या गंधाचा असतो. सर्दीत अन्न बेचव लागते ते यामुळेच. षड्रसांत गणले जाणारे तिखट आणि तुरट हे रस आधुनिक विज्ञान रुचीत धरत नाही. तिखटपणा ही दाहाची आणि तुरटपणा ही बहुतांशी स्पर्शाची संवेदना मानली जाते. जिभेच्या टोकाला फक्त गोड आणि मुळाशी फक्त कडू कळते असा नकाशा अनेक क्रमिक पुस्तकांत छापला गेला. त्याचे मूळ हेनिग यांच्या १९०१ च्या जर्मन निबंधात असून त्यातील बारीकसे फरक पुढे, विशेषतः १९४२ मधील बोरिंग यांच्या आलेखामुळे, अवास्तव मोठे भासू लागले. व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी १९७४ मध्ये केलेल्या फेरतपासणीत हे फरक किरकोळ ठरले. तरीही मेळ्यांतील माहितीपत्रकांवर हा नकाशा अधूनमधून उगवतोच.

क्रम : एका नमुन्याची चव पुढच्यावर रेंगाळते आणि तीच चव वारंवार आली की जीभ बधिरते. म्हणून सौम्याकडून उग्राकडे, कमी गोडाकडून अधिक गोडाकडे जाण्याचा संकेत आहे. मध्ये पाणी, बिनमिठाचे बिस्किट किंवा साधा पाव घेतात. पण क्रम कितीही विचारपूर्वक लावला तरी सगळ्यांनी तोच पाळल्यास क्रमाचाच परिणाम गुणांत उतरतो. त्यासाठी प्रयोगशाळेत प्रत्येक परीक्षकाला वेगळ्या क्रमाने आणि सांकेतिक अंक घातलेले नमुने देतात. खुल्या मेळ्यात हे जवळपास अशक्य असते. तिथे ज्या टेबलासमोर गर्दी कमी, तिथे पाहुणा आधी जातो.

नाव झाकणे : आस्वादनाच्या निकालावर सर्वांत मोठा प्रभाव बाटलीवरच्या चिठ्ठीचा पडतो असे मानण्यास आधार आहे. पॅरिसमध्ये २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्पुरियर या ब्रिटिश मद्यविक्रेत्याने फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाची मद्ये नावे झाकून चाखायला दिली. नऊ फ्रेंच परीक्षकांच्या गुणांनुसार पांढऱ्या आणि लाल दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाचे मद्य पहिले आले. या निकालाचा गाजावाजा फार झाला. परीक्षकांमधील एकवाक्यता बेताचीच होती, ही बाजू त्यामानाने दुर्लक्षित राहिली. रंगाचाही असाच प्रभाव असतो. बॉर्दो येथे मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना लाल रंग मिसळलेले पांढरे मद्य दिले असता त्यांनी त्याचा गंध लाल मद्याच्या शब्दांत वर्णिला (२००१ मध्ये प्रसिद्ध). ऑलिव्ह तेल पारखताना रंगीत, बहुधा निळे, पेले वापरतात ते याच कारणाने. तेलाचा रंग दर्जाचे लक्षण नसूनही मत बनवतो. हे तेल सुमारे २८ अंश सेल्सिअसला चाखतात. परीक्षकांच्या सातत्याविषयी रॉबर्ट हॉजसन यांचा २००८ मधील अभ्यास महत्त्वाचा ठरला. एकाच बाटलीतले मद्य परीक्षकांना नकळत तीनदा दिले असता त्याला एकाच पदकश्रेणीत (सुवर्ण, रौप्य इ.) ठेवणारे परीक्षक जेमतेम एकदशांश निघाले.

साधने व रीती : मद्यासाठी तोंडाशी निमुळता होत जाणारा पेला वापरतात, आंतरराष्ट्रीय मानकातील पेल्याची धारणशक्ती सुमारे २१५ मिलिलिटर असून त्यात ५० मिलिलिटरच मद्य ओततात, म्हणजे गंधाला वर जागा राहते. कॉफीचा नमुना साधारणपणे १५० मिलिलिटर पाण्याला ८.२५ ग्रॅम पूड या प्रमाणात करतात आणि चमच्याने जोरात भुरका मारून घेतात. भुरक्याने द्रव तोंडभर पसरतो, गंध नाकाकडे जातो. एरवीचा शिष्टाचार येथे लागू नाही. घोट थुंकून टाकणे हाही रिवाजच असून त्यासाठी भांडे ठेवलेले असते, तरी थोडा मद्यांश तोंडातून शोषला जातोच. चीज आणि चॉकलेट थंडगार असल्यास गंध दबतो, त्यामुळे ती खोलीच्या तापमानाला आणून मगच मांडतात. नमुन्यात सुकामेवा, दूध किंवा गहू असल्यास तसे लिहून ठेवण्याची पद्धत बहुतेक मेळ्यांत रुळली आहे, आणि अत्तर लावून येऊ नये अशी सूचना निमंत्रणातच देतात.