पासवर्ड कुणालाही न देता साइट हातची जाते ती अशी
प्लगइनमधल्या स्क्रिप्ट-त्रुटींविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्ही तुमच्या साइटच्या देखभालीचं जे वार्षिक बिल देतो, त्यात 'प्लगइन तपासणी व अपडेट' अशी एक ओळ असते. तिच्याबद्दल आम्हाला सर्वांत जास्त विचारलं जातं. साइट तर व्यवस्थित चालू आहे, मग हे पैसे कशाचे? प्रश्न रास्त आहे आणि फोनवर दोन मिनिटांत त्याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक. होमस्टे असो, दवाखाना असो, क्लास असो की आंब्याच्या पेट्यांची ऑनलाइन विक्री, तुमची साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर असेल तर पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे.

नेमकं काय घडतं

चौकशीचा फॉर्म, फोटो गॅलरी, पॉपअप, पेमेंट, साइटचा वेग वाढवणारी कॅश ही कामं प्लगइन करतात. प्रत्येक प्लगइन म्हणजे तिसऱ्याच कुणीतरी लिहिलेला कोड, आणि तो तुमच्या साइटवर पूर्ण अधिकाराने चालतो. या कोडमध्ये वर्षानुवर्षं सापडत आलेली त्रुटी म्हणजे क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग, थोडक्यात एक्सएसएस.

साइटवर बाहेरून मजकूर सतत येत असतो. फॉर्ममध्ये भरलेलं नाव, शोधचौकटीत टाकलेला शब्द, कमेंट, शिवाय पाहुणा कोणत्या पानावरून आला याची त्याच्या ब्राउझरने पाठवलेली नोंदसुद्धा. हा मजकूर पानावर दाखवण्यापूर्वी त्यातली कोडची चिन्हं निकामी करायची असतात. प्लगइन लिहिणाऱ्याकडून हे एका जागी जरी राहून गेलं, तरी नावाच्या रकान्यात कुणी स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा छोटा कोड) भरून पाठवू शकतो आणि ते पान उघडणाऱ्याचा ब्राउझर ती स्क्रिप्ट मजकूर म्हणून न दाखवता चालवतो. लॉजच्या अभिप्रायवहीत एखाद्या पाहुण्याने 'तिजोरीची किल्ली मला द्यावी' असं लिहावं आणि ती ओळ वाचताक्षणी मॅनेजरने खरंच किल्ली काढून द्यावी, तसा हा प्रकार.

एक खरं उदाहरण जवळून पाहू. डब्ल्यूपी मेटा एसईओ या प्लगइनमध्ये (एसईओ म्हणजे गूगलसारख्या शोधात साइट वर आणण्याचं काम) तुटलेल्या लिंकांची यादी ठेवायची सोय आहे. साइटवर नसलेलं पान कुणी मागितलं की मागणारा कुठून आला ते प्लगइन टिपून ठेवायचं. हल्लेखोर मुद्दाम अस्तित्वात नसलेलं पान मागायचे आणि 'कुठून आलो' या नोंदीत स्क्रिप्ट घालून पाठवायचे. ती साइटच्या नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये जाऊन पडायची. पुढे कधीतरी मालकाने डॅशबोर्डवर (साइटच्या आतल्या नियंत्रण-पानांवर) तुटलेल्या लिंकांची यादी उघडली की स्क्रिप्ट चालू. म्हणजे नियमाने साइटची निगा राखणारा माणूसच यात आधी सापडतो, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

लाइटस्पीड कॅशचं प्रकरण याहून मोठं. हे प्लगइन लाखो साइट्सवर आहे. त्यातली त्रुटी अशी होती की लॉगिन न केलेल्या माणसाने पाठवलेली स्क्रिप्ट डॅशबोर्डच्या वरच्या सूचनापट्टीत जाऊन बसे. ही पट्टी डॅशबोर्डच्या कोणत्याही पानावर दिसू शकते, त्यामुळे मालकाने फक्त लॉगिन करायचा अवकाश. दुरुस्त आवृत्ती, ५.७.०.१, ऑक्टोबर २०२३ मध्येच आली होती. तरीही २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत जुन्या आवृत्तीवर राहिलेल्या साइट्सवर हल्ले होताना दिसले. अशा साइट्सवर 'डब्ल्यूपीसप-युजर' आणि 'डब्ल्यूपी-कॉन्फिगयुजर' अशा धाटणीच्या नावांची नवी अ‍ॅडमिन (साइटवर सर्वाधिकार असलेली) खाती तयार झालेली होती. नावं मुद्दाम अशी ठेवलेली की बघणाऱ्याला ती सपोर्टवाल्यांची वाटावीत आणि त्याने हात लावू नये.

पासवर्ड आणि ओटीपी इथे का पुरत नाहीत

'आमचा पासवर्ड चांगला अवघड आहे, ओटीपीही लावलाय,' असं पुष्कळ ग्राहक सांगतात. ते दोन्ही ठेवाच, पण या हल्ल्याला त्यांची गरजच पडत नाही. स्क्रिप्ट तुमच्या ब्राउझरमध्ये, तुम्ही लॉगिन केलेलं असताना चालते. वर्डप्रेस लॉगिनची कुकी (तुम्ही लॉगिन केल्याची ब्राउझरमधली खूण) स्क्रिप्टला वाचता येणार नाही अशी ठेवतं, हे खरं. पण कुकी चोरायची गरजच काय? स्क्रिप्ट पडद्याआड 'नवीन वापरकर्ता' हे पान मागवते, त्यातला सुरक्षा-टोकन (फॉर्म खरोखर तुमच्याकडून आला हे पटवणारा सांकेतिक क्रमांक) उचलते, फॉर्म भरते आणि पाठवून देते. सर्व्हरच्या दृष्टीने ते काम तुम्हीच केलेलं असतं. ओटीपी तर तुम्ही सकाळीच देऊन झालेला असतो.

म्हणूनच आमचा एक आग्रह आहे: डॅशबोर्डचं काम झालं की लॉगआउट करा. लॉगिन करताना 'मला लक्षात ठेवा' वर टिक केली तर वर्डप्रेस तुम्हाला १४ दिवस आत ठेवतं, टिक नसेल तर दोन दिवस. डॅशबोर्डसाठी एक वेगळा ब्राउझर ठेवला आणि मेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब दुसऱ्यात उघडलं तर आणखी उत्तम. कारण या त्रुटीचा दुसरा एक प्रकार लिंकवर चालतो. मे २०२३ मध्ये अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स या २० लाखांहून अधिक साइट्सवर असलेल्या प्लगइनमध्ये तशी त्रुटी सापडली. लॉगिन केलेल्या अ‍ॅडमिनने हल्लेखोराने बनवलेली लिंक उघडली की झालं. दुरुस्ती ४ मे रोजी आली, तपशील ५ मे रोजी जाहीर झाला आणि त्यानंतर २४ तासांच्या आत हल्ल्याचे प्रयत्न सुरू झाले. 'महिनाअखेरीला एकदम सगळं अपडेट करू' हे आता परवडत नाही, ते यासाठी.

चांगलं प्लगइन घेतलं म्हणजे झालं का?

नाही. एप्रिल २०१५ मध्ये जेटपॅक आणि योस्टच्या एसईओ प्लगइनसह अनेक नामांकित प्लगइनना एकाच दिवशी दुरुस्त्या काढाव्या लागल्या. वर्डप्रेसच्या दोन तयार फंक्शनांमधून (कोडच्या तयार तुकड्यांमधून) बाहेर पडणारा लिंकचा पत्ता सुरक्षित करून मिळतो, असा बहुतेकांचा समज होता. तो तसा मिळत नव्हता, आणि अधिकृत मार्गदर्शिकेतही ते स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. चांगले, अनुभवी लोक एकसारखे चुकले. पण त्यांनी आपसांत ठरवून एका दिवशी दुरुस्ती दिली, आणि प्लगइन निवडताना आम्ही नेमकं हेच बघतो. त्रुटी आजवर निघाली की नाही याला आम्ही फार महत्त्व देत नाही. निघाल्यावर किती दिवसांत दुरुस्त झाली, हे तपासतो. अधिकृत यादीत 'शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर तपासलेलं नाही' अशी पट्टी ज्यावर दिसते, ते प्लगइन आम्ही लावत नाही. लेखकाने सोडून दिलेल्या प्लगइनचा धोका असा की त्याला अपडेटच येत नाही, त्यामुळे डॅशबोर्ड शांत दिसतो आणि मालक निर्धास्त राहतो.

'प्रो' प्लगइनची फुकट मिळणारी प्रत कृपया कुणाकडूनही घेऊ नका, ओळखीच्या मुलाने टाकून दिली तरीही नको. तिला अधिकृत अपडेट मिळत नाहीत, आणि आत आधीच काय घालून ठेवलंय हे कळायला मार्ग नसतो. लायसन्सचे पैसे जड वाटत असतील तर सांगा, तेच काम करणारं साधं प्लगइन आपण शोधू. बऱ्याचदा त्याशिवायही भागतं.

वापरात नसलेलं प्लगइन नुसतं बंद करून ठेवू नका, काढून टाका. बंद केलं तरी त्याच्या फाइली सर्व्हरवर असतात आणि त्यांतल्या काहींचा पत्ता ब्राउझरमध्ये थेट उघडता येतो. मे २०१५ मध्ये जेनेरिकॉन्स या आयकॉन-संचातली एक नमुना फाइल अशीच महागात पडली. नमुना दाखवण्यापलीकडे तिचा कुणाला काही उपयोग नव्हता, पण तिच्यात एक्सएसएस होतं आणि ती जेटपॅकबरोबर व वर्डप्रेसच्या त्या वर्षीच्या थीमबरोबर (साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्याबरोबर) अगणित साइट्सवर पोचली होती. ती फाइल साफ करायला वर्डप्रेसला ४.२.२ ही आवृत्ती काढावी लागली.

बिलातल्या त्या ओळीत काय येतं

ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून प्लगइनचं आपोआप अपडेट वर्डप्रेसमध्येच आहे. बहुतेक प्लगइनसाठी आम्ही ते चालू ठेवतो. पेमेंट आणि बुकिंगचं तसं करत नाही, कारण ऐन सुट्टीत बुकिंग बंद पडलं तर नुकसान तुमचं. त्यांचं अपडेट आधी साइटच्या चाचणी-प्रतीवर लावून पाहतो आणि सुरक्षेची दुरुस्ती असेल तर त्याच दिवशी मूळ साइटवर आणतो. दुरुस्ती यायला वेळ लागणार असेल तर तेवढ्यापुरतं फायरवॉलमध्ये (साइटकडे येणाऱ्या मागण्या गाळणाऱ्या पहाऱ्यात) आडकाठी लावतो किंवा प्लगइन उतरवतो. कोणत्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या हे ब्राउझरला बजावणारं धोरणही आम्ही ग्राहकांना दिसणाऱ्या पानांवर लावतो. डॅशबोर्डवर ते कडक लावलं तर वर्डप्रेसचंच काम अडतं, म्हणून तिथे त्याच्यावर भिस्त ठेवत नाही.

तुमच्या बाजूने एक गोष्ट फार उपयोगी ठरते. फोटो टाकणाऱ्या, दर बदलणाऱ्या कर्मचाऱ्याला अ‍ॅडमिन खातं देऊ नका, 'संपादक' पुरेसं आहे. स्क्रिप्ट त्याच्या ब्राउझरमध्ये चालली तरी संपादकाच्या अधिकारात नवा अ‍ॅडमिन तयार होत नाही. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती त्याच आठवड्यात बंद करून घ्या.

गडबडीची शंका आली तर

'तुमची साइट उघडली की लॉटरीचं पान येतं,' असा ग्राहकाचा फोन आला आणि तुम्हाला मात्र सगळं ठीक दिसलं, तर ग्राहकावर विश्वास ठेवा. अशा स्क्रिप्ट अनेकदा लॉगिन असलेल्या माणसाला काहीच दाखवत नाहीत. मोबाइल डेटावर, खासगी विंडोत, गूगलमध्ये नाव शोधून साइट उघडून बघा आणि जे दिसेल त्याचा स्क्रीनशॉट आम्हाला पाठवा.

घाईने अपडेट मारून मोकळं होऊ नका. अपडेटने भोक बुजतं, आत शिरलेलं बाहेर निघत नाही. नवं अ‍ॅडमिन खातं, डेटाबेसमधली स्क्रिप्ट, एखाद्या फोल्डरमध्ये ठेवलेली फाइल हे सगळं तसंच राहतं. आम्ही आधी साइटची आहे त्या स्थितीतली प्रत काढून ठेवतो, मग वर्डप्रेसच्या गुप्त किल्ल्या बदलतो म्हणजे सगळे आपोआप लॉगआउट होतात, खाती आणि फाइली तपासतो आणि हल्ल्याच्या आधीचा बॅकअप कोणता हे ठरवतो. म्हणून बॅकअप किमान काही महिने मागचा हवा. कालचाच असेल तर त्यातही तीच घाण असते.

आणखी एक कायदेशीर बाब. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्र सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार साइटमध्ये घुसखोरी झाल्याचं लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत सर्ट-इनला कळवावं लागतं, आणि हे व्यवसाय करणाऱ्या छोट्या फर्मलाही लागू आहे. नोंद तुमच्या फर्मच्या नावाने जाते. त्यासाठी अधिकृत व्यक्तीचं नाव, मोबाइल आणि ईमेल आमच्याकडे आधीच लिहून द्या. आर्थिक फसवणूकही झाली असेल तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करा, त्यासाठी आमची वाट पाहू नका.