राखेचं सिमेंट कच्चं नसतं

"पीपीसी नको, त्यात राख असते, स्लॅबला ओपीसीच घ्या." घर बांधायला काढलं की हा सल्ला हमखास मिळतो. पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, ओपीसी म्हणजे साधं, बिनराखेचं. राख असते हे खरं, १५ ते ३५ टक्के. पण ती भेसळ नव्हे. औष्णिक वीजकेंद्रांतली ही बारीक राख, सिमेंटमध्ये पाणी पडल्यावर जो चुना सुटतो त्याच्याशी हळूहळू संयोग पावते आणि काँक्रीटमधली सूक्ष्म छिद्रं बुजवते. कोकणच्या खाऱ्या हवेत सळई वाचवायला हेच तर हवं!

फरक वेगाचा आहे. पीपीसीला ताकद सावकाश येते. म्हणून सेंट्रिंग खोलायची घाई नको, आणि पाणी किमान १० दिवस मारायचं; कडक, कोरड्या उन्हात १४. चौथ्याच दिवशी कॉलमवरचं गोणपाट वाळून कडक झालेलं मी कितीदा पाहिलंय. मग भेगा पडतात आणि बोल लागतो राखेला.

शिवाय, क्लिंकरसाठी, म्हणजे जे दळून सिमेंट होतं त्या भाजलेल्या खड्यांसाठी, चुनखडी सुमारे १४५० अंशांपर्यंत भाजतात. त्यातला निम्म्याहून अधिक कार्बन डायऑक्साइड इंधनातून नव्हे, खुद्द दगडातून सुटतो. राख घातली की तेवढं क्लिंकर वाचतं.