खटक्यामागची बनावट

जुना मेकॅनिकल कीबोर्ड साफ करायला घेण्याआधी तो कोणत्या काळातला आणि कोणत्या बनावटीचा, हे ओळखावं लागतं. एकाला जो उपाय लागू पडतो तोच दुसऱ्याची वाट लावतो.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला, त्याच्यासोबत ‘मॉडेल एफ’ कीबोर्ड होता. बटणाखाली एक उभी स्प्रिंग. दाबत गेलं की ती वाकत जाते आणि एका क्षणी कोलमडते. तोच तो खटका. रिचर्ड हंटर हॅरिस यांच्या या रचनेला १९७८ मध्ये पेटंट मिळालं होतं. स्प्रिंग कोलमडताना तळाची चिमुकली पट्टी कलते आणि बदललेली कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, सर्किटला कळते. धातूवर धातू टेकतच नाही, त्यामुळे संपर्क झिजण्याचा प्रश्न नाही. दुखणं वेगळंच आहे: आतल्या दोन पत्र्यांमधला फोम काही दशकांत कुजून त्याचा भुगा होतो. पण हे पत्रे सरकवून सोडवता येतात, नवा फोम कापून बसवता येतो.

१९८५ च्या ‘मॉडेल एम’मध्ये स्प्रिंग तीच राहिली, पण खर्च कमी करण्यासाठी खाली कपॅसिटन्सऐवजी मेम्ब्रेनचे, म्हणजे दाबल्यावर एकमेकांना टेकून संपर्क जोडणाऱ्या प्लास्टिकचे, पातळ थर आले. पोलादी पत्रा आणि वरची प्लास्टिकची चौकट एकत्र धरायला प्लास्टिकचेच रिव्हेट, टोकं वितळवून दाबलेले. बाहेरचं कव्हर साडेपाच मिलिमीटरच्या नट ड्रायव्हरने सहज निघतं. आतला सांगाडा मात्र कधी उघडायचा म्हणून केलेलाच नव्हता. वय झालं की रिव्हेटांची डोकी तुटतात. कीबोर्ड हलवला तर ती आत खुळखुळतात, पत्रा सैल पडतो आणि खटका बोथट होतो. मग हौशी मंडळींनीच वाट काढली: उरलेली डोकी पात्याने छाटायची, बारीक भोकं पाडायची आणि दोन मिलिमीटरचे स्क्रू घालून पत्रा आवळायचा. भोक जरा तिरकं गेलं तरी स्क्रू नीट बसत नाही. कारखान्याने ज्याचा विचारच केला नव्हता अशी ही दुरुस्ती, आणि माझ्या मते या सगळ्या छंदातलं सर्वांत मोलाचं काम.

चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचच्या कीबोर्डात प्रत्येक बटणाचा स्विच सुटा असतो. बिघडला तर सोल्डरचा डाग काढून तेवढाच बदलायचा. १९८७ च्या ॲपल एक्स्टेंडेड कीबोर्डातले आल्प्स कंपनीचे स्विच फार सुखद चालतात, पण धूळ त्यांना अजिबात सोसत नाही. सरकत्या भागात बारीक कचरा शिरला की बटण खरखरीत होतं, आणि वरवर फुंकर मारून ते सुधारत नाही. पुढे बटणांखाली स्वस्त रबरी घुमट आले आणि बहुतेकांच्या टेबलावरून हे सगळं मागे पडलं.

उरला रंग. बहुतेक जुनी कव्हरं एबीएस प्लास्टिकची. ती उन्हाने आणि वयाने पिवळी पडतात. पीबीटी या दुसऱ्या प्लास्टिकच्या की-कॅप, म्हणजे बटणांच्या टोप्या, बऱ्याच टिकतात, आणि त्यांच्यात मुरवलेली अक्षरं कोमट साबणाच्या पाण्यात कितीही घासली तरी पुसली जात नाहीत. पण लांबलचक स्पेसबार पीबीटीत ओतताना वाकडा होण्याची भीती असते, म्हणून तो पुष्कळदा एबीएसचा केला जाई. पांढऱ्या ओळींखाली एकटाच पिवळा स्पेसबार दिसतो, त्याचं कारण हे. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश वापरून पिवळेपणा घालवायची रीत २००८ च्या सुमारास जुन्या संगणकांच्या हौशी लोकांत पसरली. रंग उजळतो खरा, पण काही वर्षांत पिवळेपणा परतूही शकतो. मी स्पेसबार धुऊन, पुसून तसाच पिवळा परत बसवतो.